भरावातला आवाज

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीला ऑफिसनं मिठाईऐवजी ही डायरी दिली, तेव्हा मी साहेबांच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला होता. आज तिचा मुहूर्त लागला, कारण मंजुषाबाई पहिल्यांदाच फिल्डवर आल्या आहेत. इतकी वर्षं संभाजीनगरच्या ऑफिसात कानाला हेडफोन लावून लोकांना एकच मंत्र देत बसले होते : अ‍ॅप बंद करा, पुन्हा चालू करा.

आमचं अ‍ॅप देवळातलं भजन-कीर्तन थेट ऐकवतं. देवळात एक मोबाइल आणि एक माइक लावला की माणूस कुठंही असो, त्याला आपल्या गावचा आवाज ऐकू येतो. सावरडोहच्या लोकांची तक्रार होती की आवाज सारखा अडकतो. फोनवरून सांगून सांगून घसा बसला, पण त्यांचं समाधान होईना. शेवटी साहेब म्हणाले, तू बीडचीच आहेस, जाऊन ये थोडे दिवस. मी काय, एका पायावर तयार. काल आईकडं राहून पिठलं-भाकरी हाणली, सकाळी लिंबागणेशची एसटी धरली, गणपतीला बाहेरूनच हात जोडले आणि पुढं काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दोन शेळ्यांच्या शेजारी बसून डोंगर चढून आले. शेळ्या माझ्यापेक्षा शांत होत्या.

गावातल्या निम्म्याहून जास्त घरांना कुलपं आहेत. दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडल्या, काही माजलगावकडं, काही पार कर्नाटकात. मागं राहिलेत म्हातारे-कोतारे आणि बद्रीनाथ मुकादम. कारखान्याला टोळ्या हाच पुरवतो आणि देवळाचा कारभारही हाच बघतो. खिशात दोन फोन, आणि बोलताना तिसऱ्याच माणसाकडं बघायची सवय. त्यानं गावची रीत सांगितली. टोळ्या बाहेर पडल्या की देवळात वीणा उभी राहते. सप्त्यात असते तशीच, पण ही हंगाम संपेपर्यंत. एकानं वीणा गळ्यात घालून उभं राहायचं, तार छेडत रामकृष्णहरी म्हणायचं. त्याचा पहारा सरला की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तार थांबायची नाही. आवाज चालू आहे तोवर बाहेर गेलेलं माणूस सुखरूप, अशी समजूत. पूर्वी हे विश्वासावर चालायचं. आता उसाच्या फडात प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि आवाज चालू आहे की नाही हे तिथं कळतं. सगळी भानगड तिथूनच.

माझी उतरायची सोय चंद्रभागाबाईंकडं आहे. देवळाला लागून दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, एकट्याच राहतात, नवरा मागच्या वर्षी वारला. फोन वापरत नाहीत. त्यांनी चहा केला, मी हात पुढं केला, तर कप माझ्या पुढ्यात खाली ठेवला. या गावात म्हणे कोणी कोणाच्या हातात वस्तू देत नाही. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. हातातून हातात जाते ती फक्त वीणा. बरं बाई, तसं तर तसं. चहा चांगला होता.

आईनंही आमचं अ‍ॅप घेतलंय आणि सावरडोहच लावलंय. लेक तिथं आहे म्हणून. आज बोलता बोलता मला अर्ध्यात सोडून तिनं कोणाला तरी 'ओ' दिली. भंगारवाला होता. रस्त्यानं कोणीही, कोणालाही हाक मारू दे, आमच्या सत्यभामाबाईंची ओ तयार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बफरिंग म्हणजे काय, हे आज देवळाच्या पायरीवर म्हाताऱ्यांना समजावलं. म्हटलं, नळाचा भरवसा नसतो म्हणून आपण टाकी भरून ठेवतो आणि टाकीतलं वापरतो. फोनही पुढचा थोडा आवाज असाच आधी भरून ठेवतो. नेट गेलं की टाकी संपेपर्यंत चालतं, मग ते गोल फिरायला लागतं. त्या गोलाला इथं भोवरा म्हणतात. सगळं नीट ऐकून घेऊन एक जण म्हणाला, "आमच्या नळाला पाणीच न्हाई, माय."

देवळातला फोन म्हणजे मुकादमाचा जुना फोन. त्यात प्रचाराचे फोटो आणि शुभ सकाळची फुलं इतकी कोंबलेली, की बिचाऱ्याला श्वास घ्यायला जागा नव्हती. ती काढली. आवाजाचा दर्जा कमी केला, कारण रामकृष्णहरी ऐकायला थिएटरचा थाट लागत नाही. मग फडातल्या लोकांना एकेक करून फोन लावला आणि बॅटरी वाचवायची सोय बंद करायला लावली. स्वस्तातले फोन पडदा काळा झाला की अ‍ॅपचा गळाच दाबतात. कर्नाटकातल्या टोळीतली वनमाला चटपटीत आहे, एकदा सांगितलं की स्वतःचं करून दहा जणींचं करते.

तिनंच सांगितलं की भोवरा फिरला की सगळी टोळी कोयते खाली ठेवून उभी राहते. आवाज येईपर्यंत कोणी उसाला हात लावत नाही. मागं एकदा राधाकिशन नावाच्या गड्यानं आवाज नसताना काम चालू ठेवलं आणि त्याच दुपारी त्याचा पाय ट्रॉलीखाली गेला. मी म्हटलं, योगायोग. ती म्हणाली, "तुमी तिकडं सावलीत बसून म्हणायलाव, ताई. पाय आमचे हायत."

खरं दुखणं टेकडीवरच्या टॉवरचं आहे. लाइट गेली की तो मरतो. कंपनीला फोन केला, त्यांनी नोंद घेतली आहे म्हणे. नोंदीनं टॉवर चालला असता तर काय हवं होतं.

संध्याकाळी मुकादमानं चार लोकांत सुनावलं. भोवरा बंद झाला नाही तर माझं अ‍ॅप जिल्ह्यातल्या एका देवळात राहू देणार नाही. वर हेही, की "कावून बाईमानूस धाडलं, गडी मेलते का तुमच्या हापिसात?" मी दात खाल्ले आणि टॉवरवाल्या कंपनीला पुन्हा फोन लावला. नोकरीचं नाक त्याच्या हातात आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भर दुपारी लाइट गेली, टॉवर मेला, आवाज गेला. वनमालाची टोळी उभी राहिली. तिचा दीर अजिनाथ मात्र कंटाळला, म्हणाला हे किती वेळ चालायचं, आणि लागला तोडायला. कोयता सटकून पोटरीत बसला. टाके पडलेत. जीव वाचला, पण आता तो फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीतच पडून राहणार.

गावानं ते माझ्या नावावर टाकलं. हापशावर गेले तर बायका घागरी उचलून निघाल्या, एकीची तर अर्धीच भरली होती. दुकानात दुधाच्या पिशव्या समोर दिसत असताना दूध संपलंय म्हणून सांगितलं. देवळाबाहेर काढलेल्या चपला नाल्यात सापडल्या. चंद्रभागाबाईंनी भाकरीचं ताट उंबऱ्याशी ठेवलं आणि पाठ फिरवली. मी खोलीत येऊन आधी रडले, मग चिडले. टॉवर काय माझ्या बापानं उभा केलाय? भोवरा दिसायला नको ना तुम्हाला? मग नाहीच दिसणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं काम. मी त्याला भराव म्हणते. आवाज तुटला की फोननं भोवरा दाखवायचा नाही, आधीच साठवून ठेवलेला जुना तुकडा वाजवायचा. नेट आलं की गुपचूप थेट आवाजावर परत. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. फसवणूक आहे? आहे. पण भिंतीच्या भेगेत लांबी भरतो, तेव्हा भिंतीला कोण विचारतं.

तुकडा शोधायला मात्र जीव गेला. आमच्याकडं मागच्या हंगामाचं सगळं साठवलेलं आहे, पण कुठं खोकला, कुठं चहाचे कप, कुठं मुकादमाच्या फोनची रिंगटोन. शेवटी एक सापडला. मागच्या वर्षीच्या एका दुपारचा, एका म्हाताऱ्या माणसाचा. जरा दमलेला, पण सरळ आणि खोल आवाज, तारही एकसारखी. शेवटी आवाज एकदम थांबतो आणि नंतर नुसती शांतता आहे, तेवढी कापून टाकली आणि टोकाला टोक जोडलं. साहेबांनी ऐकून शाबासकी दिली आणि सगळ्यांच्या फोनवर धाडून दिला.

दुपारी लाइट गेली. मी श्वास धरून बसले. वनमालाचा फोन आला की आवाज छान चाललाय, ताई, काम चालू हाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवसांत कोणालाच भोवरा दिसलेला नाही. मुकादमानं नारळ दिला (खाली ठेवला, मी उचलला). दुकानात दूध मिळालं. हापशावर एकीनं मला आधी नंबर दिला. आई म्हणते, आता मुळीच अडकत नाही गं, आणि काय गोड आवाज आहे त्या बाबांचा.

बाबांचा? आज तर लाइट गेलीच नव्हती. म्हणजे तिनं थेट आवाज ऐकायला पाहिजे होता, भराव नाही. उद्या बघते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी देवळात गेले. देवळात कोणी नव्हतं. माइक आपल्या जागी, फोन आपल्या जागी, आणि वीणा खुंटीला टांगलेली. पहारेकरी म्हातारे बाहेर लिंबाखाली पंचे अंथरून झोपले होते.

मी एकाला उठवून विचारलं तर तो अगदी निवांत म्हणाला, "फोन म्हणायलाय की. आमच्या गुडघ्याला कावून तरास?" त्यांना भराव कळला होता. मीच तर टाकीचं उदाहरण देऊन शिकवलं होतं. नेट नसताना फोन आपला आपण म्हणतो, मग नेट असतानाही म्हणू दे की, म्हणून देवळातल्या फोनचं नेटच बंद करून ठेवलेलं. माणसं थोडी, हंगाम लांबलचक, गुडघे झिजलेले. वीणा काही जमिनीला टेकवलेली नाही, खुंटीवर आहे. शुक्रवारपासून गावात कोणी उभंच राहिलेलं नाही.

मला हसू आलं. पण मी काय बोलणार. पहिली चोरी माझीच.

संध्याकाळी चंद्रभागाबाईंनी शेजारच्या फोनवर पहिल्यांदाच तो आवाज ऐकला. तशाच माझ्या दारात आल्या. ओरडल्या नाहीत. उंबऱ्यावर बसून सांगत राहिल्या आणि मला उठून जाता आलं नाही. तो आवाज त्यांच्या नवऱ्याचा, रामहरीबाबांचा. मागच्या वर्षी त्यांचा पहारा सरला, पुढचा पहारा मुकादमाचा होता, आणि मुकादम गेला होता कोणाच्या तरी सभेला. रामहरीबाबा उभेच राहिले. पुढच्याचा पुढचा येईपर्यंत ते उभ्या उभ्या गेले होते, पाठ खांबाला, वीणा गळ्यात. लोकांनी ती मेलेल्या गळ्यातून काढली. कोणी त्यांच्याकडून घेतली नाही.

माझ्या भरावाच्या शेवटी जी शांतता होती, जी मी कापली, ती काय होती हे मला आता कळतंय.

बाई जाता जाता म्हणाल्या, "त्येचा पहारा सुटला नव्हता. पर निदान पडला तरी व्हता. तू परत उभं केलंस त्येला."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पहिलं काम भराव काढून टाकला. आमच्याकडून काढला, सगळ्यांच्या फोनवरून पुसला. मग माझाच फोन लावून बघितला. रामकृष्णहरी चालूच.

नेट बंद केलं. चालूच. फोन विमानातल्यासारखा सगळ्यापासून तोडला. चालूच. अ‍ॅप काढून टाकलं, फोन बंद करून बॅटरी गार होईपर्यंत ठेवला, पुन्हा लावला. पडद्यावर काही नाही, आणि आवाज चालू. ऑफिसला विचारलं. ते म्हणाले, सावरडोह सकाळपासून कोणी ऐकतच नाहीये, आमच्याकडं सगळं कोरं आहे.

मग हेडफोन लावून नीट ऐकलं. जोडलेला तुकडा फिरून फिरून तोच यायला पाहिजे. तो तोच नाही. तो पुढं पुढं चाललाय. घसा बसत चाललाय. मध्ये श्वास लागतो. आणि दोन नामांच्या मधल्या जागेत, अगदी हळू :

"कोनी हाय का?"

दुपारी सगळ्यांनीच ऐकलं. प्रत्येकाच्या फोनवर, फडात, गावात, एकाच वेळी. "बद्रीनाथ. ये बाबा. माझा पहारा सरला."

मुकादम माझ्यासमोर होता. त्यानं दोन्ही फोन देवळाच्या पायरीवर ठेवले, गाडीत बसला आणि गेला. गावातलं कोणी त्याला अडवलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वनमालाचा फोन. कोपीत पडून अजिनाथ दिवसभर तेच ऐकायचा. काल आवाजानं त्याचं नाव घेतलं. तो "जी बाबा" म्हणाला. म्हणाला आणि उठून उभा राहिला.

तसाच उभा आहे. डावा हात छातीशी, काहीतरी धरल्यासारखा. उजव्या हाताची बोटं हलतात. त्याला चौघांनी खाली बसवलं, तो परत उभा. पाणी पीत नाही. टाके उसवलेत, पायाखाली रक्त आहे, आणि ओठ रामकृष्णहरी म्हणतायत.

मी सांगितलं, कोणी ओ देऊ नका. नाव घेतलं तरी गप्प बसा. ती म्हणाली, "आमी गप बसू. लेकरांचं तोंड कसं धरावं?"

आईला फोन केला. अ‍ॅप काढ म्हटलं. ती म्हणाली, काढलं गं केव्हाच, तरी वाजतंय, राहू दे, बरं वाटतं. मी तिला शपथ घातली, कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. ती हसली. म्हणाली, दारात आलेल्या माणसाला ओ द्यायची नाही तर काय करायचं?

२० नोव्हेंबर, गुरुवार

अजिनाथ गेला. उभ्या उभ्या.

ट्रॉलीखाली पाय गेलेला तो राधाकिशन काल उभा राहिला, आता आणखी दोघं. त्या टोळीत काम थांबलंय. सगळे उसाच्या कडेला तोंडावर हात धरून बसलेत. वनमालाचा सोडून सगळे फोन विहिरीत टाकले. विहिरीतून येतो म्हणे आवाज.

चंद्रभागाबाईंना विचारलं, यावर उपाय काय. पाय धरले त्यांचे. त्यांनी पाय सोडवून घेतले. हे उभे राहणारे हात पुढं करतात, त्या म्हणाल्या, पण वीणा तिथं थोडीच आहे. वीणा इथं आहे. इथं येऊन त्याच्या गळ्यातून घेतली पाहिजे. म्हणजे त्याचा पहारा सुटेल आणि उभे राहिलेले बसतील. त्या स्वतः काल गेल्या होत्या देवळात. पदर पसरून उभ्या राहिल्या. त्यानं दिली नाही. ज्याचं नाव घेतो त्यालाच देतो, आणि नाव घेतो ते रोज ऐकणाऱ्यांचं. बाईंनी कधी फोन घेतला नाही.

म्हाताऱ्यांना विनवलं. तुमचं नाव घेतलं तर तुम्ही जा. ते उठून आत गेले आणि कड्या लावल्या.

मी जाणार आहे इथून. हे माझं गाव नाही. मला काय—

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जीप थांबली नाही. हात केला, ड्रायव्हरनं बघितलं आणि तसाच पुढं गेला; मागं वळले तर बायका रस्त्यावर आडव्या उभ्या होत्या. ज्या हापशावर नंबर देत होत्या त्याच. त्यांनी बॅग हिसकावून नाल्यात टाकली, चपला टाकल्या होत्या तिथंच. ही डायरी ओढणीखाली होती म्हणून राहिली.

पायी निघाले. टेकडीपर्यंत गेले असेन. खिशातून आवाज आला.

"मंजुषा."

ओळखीचा असल्यासारखा. थकलेला. रागावलेला.

"मंजुषा. तू उभं केलंस मला. ये."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. ओढणी तोंडात कोंबली. ओ दिली नाही. देणार नाही. तो थांबला. मग पुढचं नाव घेतलं.

"सत्यभामा."

नको. नको गं आई. फोन लाव— लागत नाही— आई, तोंड मिटून घे—

दुपार, तोच दिवस

संगीताताईंचा फोन. आईच्या शेजारी राहतात. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून आत गेल्या. आई ओट्यापाशी उभी. डावा हात छातीशी. बोटं हलतायत.

तिचे गुडघे. तिला दहा मिनिटं उभं राहवत नाही.

माझं नाव आधी घेतलं होतं. मी गप्प बसले म्हणून तिचं घेतलं.

देवळाकडं परत चाललेय. रस्त्यात कोणी अडवत नाही आता.

चंद्रभागाबाई दारात उभ्या होत्या. चहाचा कप होता. खाली ठेवला नाही. माझ्या हातात दिला.

देवळात

खुंटी रिकामी आहे. वीणा गाभाऱ्यासमोर आहे. मधोमध. माणसाच्या छातीच्या उंचीवर. पट्टा ताणलेला, गळ्यात असावा तसा. गळा नाही. तार हलतेय.

संगीताताई फोनवर आहेत. फोन खांबापाशी ठेवलाय. आईचं रामकृष्णहरी ऐकू येतंय त्यातून.

ओ दिली मी. मोठ्यानं दिली. आले बाबा, म्हटलं. पाया पडले. माझ्या पायांना पण काहीतरी लागलं, गार, हातासारखं.

पट्टा गळ्यात आला. जड आहे. एवढी जड नसते ती.

संगीताताई म्हणाल्या, बसली. आई बसली. पाणी मागतेय. बसली गं मंजुषा, ओट्याखालीच बसली, रडतेय.

मी लिहायला हात काढला तर ओरडल्या. उठली. परत उठली.

तार छेडली. बसली.

एका हातानं जमत नाही. एक ओळ लिहिली की ती उठते. मग छेडते. मग बसते. ही ओळ लिहितेय म्हणजे ती उभी आ—

बसली.

बाहेर सगळे जमलेत. म्हातारे, बायका. दार ओढून घेतायत. मी विचारलं, माझ्यानंतर कोण? पुढचा पहारा कोणाचा? सगळे खाली बघतात. चंद्रभागाबाई पण. टोळ्या यायला अजून—

बसली.

बाहेरून कडी लागली. कोणी तरी नाव सांगा. पुढचा पहारा कोणा—